इलेक्ट्रिक कारची प्रत्यक्ष रेंज प्रवासाआधी कशी काढावी?

मार्गस्थ:

नमस्कार. माझ्या इलेक्ट्रिक कारच्या माहितीपत्रकात डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीनुसार ३८० किलोमीटर रेंज दिली आहे आणि बॅटरीची वापरता येण्याजोगी क्षमता ५० युनिट, म्हणजे ५० किलोवॅट-तास, आहे. शहरात काही दिवस गाडी चालवून मग पूर्ण चार्ज केली की डॅशबोर्ड ३५० च्या आसपास आकडा दाखवतो, पण मोकळ्या रस्त्यावर वेगाने गेल्यानंतर पुढच्या चार्जिंगला तोच आकडा ३०० च्याही खाली येतो. गाडी तीच, बॅटरी तीच, मग नेमका कोणता आकडा खरा मानायचा?

हे विचारण्याचे कारण असे की लवकरच २३० किलोमीटरचा एक प्रवास करायचा आहे. पहिले १६० किलोमीटर सपाट, रुंद रस्ता आहे आणि तिथे ताशी १०० च्या वेगाने जाण्याचा विचार आहे. शेवटचे ७० किलोमीटर वळणांचे असून त्यात एकूण ९०० मीटर चढण आहे. गाडीत चार माणसे व सामान असेल. चढणीच्या भागात चार्जिंगची सोय नाही, त्यामुळे पायथ्याशीच निर्णय घ्यावा लागेल. ‘जाहीर रेंजच्या ७० टक्के धरा’ असा सल्ला अनेकांनी दिला. त्या हिशेबाने २६६ किलोमीटर येतात, म्हणजे प्रवास होईल. पण केवळ एका टक्केवारीवर विसंबून चार माणसांना घेऊन घाट चढायला निघणे मला योग्य वाटत नाही. हिशेब मुळापासून कसा करतात हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्रज्ञ:

आपली शंका रास्त आहे. ७० टक्क्यांचा नियम कधी बरोबर ठरतो, कधी चुकतो, आणि तो केव्हा चुकणार हे त्या नियमातून कळत नाही, हीच त्याची खरी उणीव आहे.

आधी जाहीर आकड्याबद्दल. डब्ल्यूएलटीपीचे चाचणीचक्र ३० मिनिटांचे आणि २३ किलोमीटरहून थोडे अधिक असते. त्यातला सर्वाधिक वेग ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जातो, पण थांबे धरून सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटरच भरतो. चाचणी प्रयोगशाळेत, २३ अंश तापमानाला आणि एसी बंद ठेवून होते. युरोपात त्याआधी वापरात असलेल्या एनईडीसी चक्राचा सरासरी वेग तर ताशी ३४ च्या आसपास होता, म्हणून जुन्या माहितीपत्रकांतले आकडे अधिकच फुगलेले दिसतात. अमेरिकेची ईपीए ही संस्था प्रयोगशाळेत मिळालेल्या आकड्याला बहुतेक वेळा ०.७ ने गुणूनच तो जाहीर करते. त्यामुळे ईपीएच्या आकड्याचे पुन्हा ७० टक्के धरणे म्हणजे तीच वजावट दोनदा करणे होय. आकडा कोणत्या चाचणीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याला कोणतीही टक्केवारी लावू नये.

आता मुळातला हिशेब. रेंज म्हणजे बॅटरीतील वापरता येणारी ऊर्जा भागिले दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा. यातला वरचा आकडा जवळपास स्थिर असतो, सगळी उलथापालथ खालच्या आकड्यात होते. हा खालचा आकडा एकसंध नसतो. तो काही वेगवेगळ्या खर्चांची बेरीज असतो आणि प्रत्येक खर्च वेगळ्या नियमाने वाढतो.

पहिला खर्च टायरचा. रस्त्यावर टायर सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा जाते. हा खर्च वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. प्रवासी व सामान धरून गाडीचे वजन १८०० किलो आणि टायरच्या विरोधाचा गुणांक ०.०१ मानला, तर १०० किलोमीटरला ४.९ युनिट होतात.

दुसरा खर्च हवेचा. हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेच्या विरोधाचा गुणांक आणि गाडीचे समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.७ चौरस मीटर धरला, जो मध्यम आकाराच्या गाडीला साजेसा आहे, तर १०० किलोमीटर अंतराला ताशी ५० च्या वेगाने २.३ युनिट, ८० ने ५.८, १०० ने ९ आणि १२० ने १३ युनिट लागतात. बॅटरीपासून चाकापर्यंत ऊर्जा पोचताना काही वाया जाते. ती वजावट जाऊन ८८ टक्के चाकाला मिळते असे समजू, म्हणून वरच्या दोन्ही खर्चांच्या बेरजेला ०.८८ ने भागायचे.

तिसऱ्या खर्चाकडे लोकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण तो किलोमीटरवर नव्हे, तासावर चालतो. एसी, दिवे, पंखे, बॅटरी थंड ठेवणारा पंप हे सारे मिळून एक किलोवॅट घेत असतील, तर ताशी १०० च्या वेगाने तो भार १०० किलोमीटरला १ युनिट पडतो, ताशी ५० ने २ युनिट आणि गर्दीत ताशी २० च्या सरासरीने चक्क ५ युनिट.

या गृहीतकांवर तिन्हींची बेरीज केली की १०० किलोमीटरला लागणारी ऊर्जा अशी येते: ताशी ५० ने १०.१, ८० ने १३.४, १०० ने १६.८ आणि १२० ने २१.१ युनिट. पन्नास युनिटच्या बॅटरीला हे लावले, तर रेंज अनुक्रमे सुमारे ४९५, ३७३, २९८ आणि २३७ किलोमीटर होते. आपल्या डॅशबोर्डवरचे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच आहेत. ते नुकत्याच झालेल्या वापराची सरासरी पुढच्या प्रवासाला लावतात आणि पुढचा रस्ता कसा आहे हे त्यांना बहुधा माहीत नसते.

जाता जाता एक गोष्ट. ‘जितके हळू जाल तितकी रेंज जास्त’ हे अर्धसत्य आहे. गर्दीत सरासरी ताशी २० असेल आणि कडक उन्हात एसी दोन किलोवॅट खेचत असेल, तर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा धरली नाही तरी १०० किलोमीटरला १६ युनिट लागतात. तोच एसी लावून ताशी ५० ने गेल्यास १२ लागतात.

निळी वाट:

यंत्रज्ञ यांचा हिशेब मला मान्य आहे, पण त्यातले गुणांक आपल्या गाडीचे नेमके किती हे सामान्य वाहनधारकाला कुठून कळणार? माझ्या मते ते शोधत बसण्याऐवजी आपल्याच गाडीकडून काढून घ्यावेत, आणि ते दिसते त्याहून बरेच सोपे आहे.

वारा नसलेल्या दिवशी, सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप स्थिर ठेवणारी सोय) लावून एकदा ताशी ८० ने आणि एकदा १०० ने गाडी चालवावी. बॅटरी आणि टायर आधीच तापलेले असावेत आणि प्रत्येक वेळी किमान वीस-तीस किलोमीटर सलग जावे. शक्य असल्यास त्याच रस्त्याने परत यावे, म्हणजे उरलासुरला उतार व वारा यांचा परिणाम वजा होतो. ट्रिप मीटर शून्यावर आणून दोन्ही वेळचा १०० किलोमीटरला लागलेला खर्च लिहून ठेवावा. समजा तो वरच्याप्रमाणे १३.४ आणि १६.८ आला. वेगाचे वर्ग ६,४०० आणि १०,०००, त्यांतला फरक ३,६००, आणि खर्चातला फरक ३.४ युनिट. म्हणजे वेगाच्या वर्गात दर हजाराने सुमारे ०.९४ युनिट वाढतात. आता ताशी १२० चा अंदाज हवा असेल, तर वर्ग १४,४००, म्हणजे १०० च्या वर्गाहून ४,४०० ने अधिक. ४.४ गुणिले ०.९४ म्हणजे ४.१. हे १६.८ मध्ये मिळवले की २०.९ युनिट होतात. यंत्रज्ञ यांनी सगळे गुणांक धरून काढलेला आकडा २१.१ होता. दोन मोजमापांवरून इतक्या जवळ पोचता येत असेल, तर दुसऱ्याच्या गाडीचे आकडे कशाला वापरायचे?

मोजताना काही पथ्ये पाळावीत. बॅटरीच्या टक्क्यांवरून हिशेब करणार असाल, तर फरक मोठा होऊ द्या. पडद्यावर पूर्ण टक्केच दिसतात, त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही आकडे प्रत्येकी अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकलेले असू शकतात. दहा टक्के वापरून काढलेल्या रेंजमध्ये यामुळेच दहा टक्क्यांपर्यंत चूक राहू शकते, पन्नास टक्के वापरल्यावर ती दोनवर येते.

चार्जरच्या मीटरवरचे युनिट भाजकात धरू नयेत. घरगुती चार्जिंगमध्ये भिंतीतून घेतलेल्या ऊर्जेपैकी साधारण दहा टक्के, कधी त्याहून अधिक, बॅटरीत पोचतच नाही. विजेचे बिल काढायला तो आकडा योग्य आहे, रेंज काढायला नाही.

आणि ‘एका युनिटला किती किलोमीटर’ या आकड्यांची सरळ सरासरी कधीही काढू नये. जाताना युनिटला ८ किलोमीटर आणि त्याच रस्त्याने येताना ५ किलोमीटर मिळाले, तर सरासरी साडेसहा नसून ६.१५ असते. दर १०० किलोमीटरला किती युनिट, असे लिहून ठेवले की ही अडचण उरत नाही, कारण समान अंतराच्या खर्चांची बेरीज-सरासरी सरळ करता येते.

मार्गस्थ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तासावर चालणारा खर्च आणि किलोमीटरवर चालणारा खर्च वेगळे असतात हे कळल्याबरोबर शहर आणि महामार्ग यांतला फरक उलगडला. दोन वेगांची चाचणीही मी घेतली. माझे आकडे यंत्रज्ञ यांच्या आकड्यांच्या इतके जवळ आहेत की पुढच्या हिशेबाला तेच वापरायला हरकत नाही.

आता दोन गोष्टी उरतात. ९०० मीटर चढणीला किती ऊर्जा धरावी आणि परत येताना त्यातली किती मिळेल? आणि समोरून वारा असेल तर हिशेब कितपत बिघडतो?

यंत्रज्ञ:

चढणीचा हिशेब सर्वांत खात्रीचा आहे, कारण त्यात गाडीची रचना येत नाही, फक्त वजन आणि उंची येते. १८०० किलो वजन १००० मीटर उचलायला ४.९ युनिट लागतात. वर टायरचा खर्च काढला तेव्हा १०० किलोमीटरला हाच आकडा आला होता आणि तो योगायोग नाही. टायरच्या विरोधाचा गुणांक ०.०१ असेल, तर सपाट रस्त्यावर टायरचा विरोध म्हणजे जणू कायमची एक टक्का चढण, आणि १०० किलोमीटरला एक टक्का म्हणजे एक किलोमीटर उंची. आपल्या ९०० मीटरला ४.४ युनिट, आणि वाटेतली गळती धरून बॅटरीतून ५ युनिट जातील.

आपला एकूण हिशेब असा होतो. पहिले १६० किलोमीटर ताशी १०० ने: २६.९ युनिट. पुढचे ७० किलोमीटर सरासरी ताशी ५० ने. वळणांवर वेग कमी-जास्त होईल म्हणून १०.१ ऐवजी ११ चा दर धरू, म्हणजे ७.७ युनिट. चढणीचे ५ युनिट. बेरीज ३९.६. पूर्ण चार्ज करून निघाल्यास वर पोचताना सुमारे २१ टक्के शिल्लक राहील.

परत येताना उताराची ४.४ युनिट ऊर्जा सगळी बॅटरीत जाणार नाही. तिचा एक भाग टायर आणि हवा यांचा विरोध भागवण्यात थेट खर्च होतो, जो एरवी बॅटरीलाच द्यावा लागला असता, आणि उरलेली ऊर्जा मोटरमधून बॅटरीत जाताना थोडी घटते. एकंदर तीन युनिटचा फायदा धरणे सुरक्षित आहे. मात्र वर मुक्कामी शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागू नका. भरलेली बॅटरी रीजेनची, म्हणजे वेग कमी होताना मोटरने परत निर्माण केलेली, ऊर्जा घेऊ शकत नाही, मग ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. शिवाय रीजेन मंदावल्यामुळे पेडल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही, आणि उतारावर हे अचानक लक्षात येणे बरे नाही. ८५ ते ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे.

वाऱ्याबद्दल विचारलेत हे फार चांगले झाले, कारण आपला हा प्रवास ठरवणारी खरी गोष्ट तीच आहे, घाट नव्हे. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल आणि आपण १०० ने जात असाल, तर गाडीला हवा १२० ची लागते. हवेचा विरोध १.४४ पट होतो, अंतर मात्र तेवढेच कापले जाते. सपाट भागाचा खर्च १०० किलोमीटरला १६.८ वरून २१.३ युनिटवर जातो. १६० किलोमीटरला हे ७.२ युनिट जास्तीचे झाले, म्हणजे आपल्या संपूर्ण चढणीपेक्षाही अधिक. एकूण बेरीज ४६.८ होईल आणि वर पोचताना जेमतेम ६ टक्के उरतील. घाट नकाशावर आधीच दिसतो, पण असा वारा गाडीत बसल्यावर जाणवतही नाही.

उपाय आपल्या पायाखालीच आहे. तोच वारा असताना ताशी ८५ ने गेल्यास खर्च १८ युनिटवर येतो, बेरीज ४१.५ होते आणि १७ टक्के शिल्लक राहतात. यासाठी १६० किलोमीटरमध्ये सुमारे १७ मिनिटे जास्त द्यावी लागतात.

पानगळ:

मी कडक हिवाळ्याच्या प्रदेशात गाडी चालवतो, म्हणून वरच्या चर्चेत राहून गेलेली एक बाजू मांडतो. वरचा सगळा हिशेब सौम्य हवामानाचा आहे. शून्याखाली त्यातला जवळपास प्रत्येक आकडा बदलतो, आणि बदलतो तो वाईटाकडेच.

थंड हवा दाट असते. ३५ अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला तिची घनता सुमारे १३ टक्क्यांनी अधिक असते आणि हवेचा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. थंड टायर अधिक विरोध करतो, आणि तापमान उतरल्यावर त्यातली हवा कमी दाबाची होते हे वेगळेच. पण सर्वांत मोठा फरक हीटरचा पडतो. इंधनावरच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत वळवता येते, इथे ती बॅटरीतूनच काढावी लागते. साधा विद्युत हीटर गारठलेली गाडी तापवताना तीन ते पाच किलोवॅट सहज घेतो, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे यंत्र) असेल तर बराच कमी. हा तासावर चालणारा खर्च असल्यामुळे छोट्या फेऱ्यांमध्ये तो सर्वाधिक बोचतो: दहा किलोमीटर जायचे, गाडी उभी करून गार होऊ द्यायची आणि परतताना पुन्हा पहिल्यापासून तापवायची. अशा वापरात दिसणाऱ्या रेंजवरून लांब प्रवासाचा अंदाज बांधू नये, तो अकारण निराश करतो. लांब प्रवासाला निघण्यापूर्वी चार्जर जोडलेला असतानाच बॅटरी व आतली हवा तापवून घेतली, तर तेवढी ऊर्जा भिंतीतून येते.

दुसरे, वरच्या ५० युनिटबद्दल. हा आकडा नव्या बॅटरीचा आहे. बॅटरीची क्षमता वर्षांगणिक घटत जाते. आठ वर्षांत ती ७० टक्क्यांखाली गेल्यास दुरुस्ती किंवा बदली, अशी हमी बहुतेक उत्पादक देतात. याचा अर्थ ती तितकी घटेलच असा नाही, परंतु जुन्या गाडीच्या हिशेबात पहिल्या दिवशीची क्षमता धरणे चुकीचे आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत आणखी एक अडचण असते. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती टक्के उरले आहेत हे ओळखणे गाडीच्या संगणकालाही कठीण जाते. म्हणून अशा गाड्यांना अधूनमधून शंभर टक्के चार्ज करण्याची सूचना असते. ती पाळली नसेल, तर टक्क्यांवरच्या कोणत्याही हिशेबावर फार भरवसा ठेवू नये.

वाटेत चार्जिंग करत जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जलद चार्जिंग साधारण ८० टक्क्यांपर्यंतच जलद असते आणि १० टक्क्यांखाली कोणी स्वखुशीने जात नाही. पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक टप्प्याला बॅटरीचे ७० टक्केच उपयोगी पडतात. ताशी १०० च्या वेगाने आपल्या गाडीची रेंज २९८ किलोमीटर असली, तरी दोन चार्जरमधले अंतर २०८ च्या आत हवे.

मार्गस्थ:

पुन्हा एकदा धन्यवाद. सर्वांच्या सूचना धरून मी असे ठरवले आहे. निघताना बॅटरी शंभर टक्के. सपाट भागाच्या मध्यावर, म्हणजे ८० किलोमीटरवर, हिशेबाप्रमाणे १३.४ युनिट किंवा २७ टक्के खर्च झालेले असायला हवेत, म्हणून तिथे ७३ टक्के दिसले पाहिजेत. ६६ च्या आसपास दिसले, तर समोरून तसा वारा आहे असे समजून वेग ८५ वर आणायचा. पायथ्यापासून वर जायला १२.७ युनिट, म्हणजे २५ टक्के लागतील. त्यावर १५ टक्के हाताशी ठेवायचे, म्हणजे पायथ्याशी किमान ४० टक्के असल्याशिवाय चढायला सुरुवात करायची नाही. कमी असतील तर तिथेच चार्ज करून घ्यायचे. यात काही सुटले असेल तर सांगावे.

निळी वाट:

योजना नेटकी आहे. फक्त मध्यावरचा आकडा पाहताना उशीर करू नका. ६६ टक्के दिसल्यावर वेग कमी केला, तरी गेलेले सात टक्के परत येत नाहीत. उरलेल्या ८० किलोमीटरसाठी ८५ च्या वेगाने २९ टक्के धरले, तर पायथ्याशी ३७ उरतात, म्हणजे आपणच ठरवलेल्या चाळिसाच्या खाली. त्याऐवजी पहिली तपासणी ४० किलोमीटरवर करा. तिथे ८७ च्या आसपास अपेक्षित आहेत, ८३ दिसले तर लगेच वेग उतरवा, म्हणजे पायथ्याशी ४० टक्क्यांच्या आसपास पोचाल आणि तिथे चार्जिंग करावे लागलेच तरी ते काही मिनिटांचेच असेल. निघण्यापूर्वी गार टायरचा दाब पूर्ण भाराला सांगितलेल्या आकड्यावर आहे ना तेही पाहून घ्या. चार माणसे व सामान असताना तो आकडा वेगळा असतो आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बहुधा तो दिलेला असतो.